आधी तुझ्या पायाले, मग माझ्या हाताले

रेखाची माय,

आपण दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गाडीचं समोरचं चाक पाहणं. सांजेची वेळ होती. अंगणात गाडी मोठ्या स्टँडवर लावली होती, तू मागच्या सीटवर बसली होती अन् मी समोर चाकापाशी उकिडवा. तू मागं बसली की समोरचं चाक जमिनीपासून चार बोटं वर उचलल्या जाते. आपल्याले कधी जॅक लागला नाही. तू मांडीवर परात घेतली होती अन् तुरीच्या शेंगा सोलत होती. बसाचंच हाय तर रिकामी काऊन बसू, असं तुझं म्हणणं.

मी म्हटलं, "हालू नको."

"मी कुठी हालून राह्यली? शेंगा सोलून राह्यली."

समोरच्या शॉकअपच्या दोन्ही नळ्या मी खालून धरल्या अन् मागं-पुढं ओढून पाहिल्या. हँडलच्या मुळाशी कोन सेट असते, तो ढिला असला तर हातात टक लागते. नाही लागली. एका बोटानं हँडल इकडून तिकडं फिरवलं, मधात कुठं अडकलं नाही. चाक फिरवून रिंगजवळ खराट्याची काडी धरली. रिंग वाकडी असती तर काडी कुठं घासली असती, कुठं नसती. सगळीकडं सारखी. स्पोक एकेक करून पान्यानं वाजवले. ढिला स्पोक बद्द वाजते. एकही बद्द वाजला नाही. समोर काही म्हणता काही दोष नव्हता. अन् तरी पन्नासच्या पुढं काटा गेला की हँडल हातात थरथर करत होतं, चार महिन्यांपासून.

मग मी तेच म्हटलं जे चार महिने म्हणत होतो. "गाडीत काही नाही. तू एका अंगानं बसते, म्हणून हालते."

तू शेंगांवरची नजर काढली नाही. "समोरच पाहता तुमी. मागचं पाहा एकदा."

"हँडल समोर हाय. मागं काय पाहू, तुले?"

"नका पाहू मंग."

अन् तू उतरली. चाक धपकन खाली आलं, माझ्या अंगठ्यापासून दोन बोटांवर. तू पदरातली टरफलं झटकली अन् आत गेली. त्याच सोल्याची भाजी आपण जेवलो. भाजी चांगली झाली होती. मी तेही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आधी तू गेली.

त्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळी मी काय केलं, ते मी कोणालेच खरं सांगितलं नाही. रेखालेही नाही. सगळे मले म्हणतात, तुमच्या हातात काही नव्हतं, मनाले लावून घेऊ नका. ते ऐकून मले शांती वाटत नाही, चोरी वाटते. रेखानं ही वही दिली अन् म्हणाली, बाबा, मायबद्दल मनात असेल ते लिहा. तिले वाटलं असेल मी तुझ्या हातच्या भाकरीचं लिहीन. शाळेतल्या सरांनी तुझं माहेर, तुझं वय, मागं कोण कोण आहे, ते सगळं तेरवीच्या कार्डावर छापून दिलंच आहे. ते पुन्हा लिहायचं मले कारण नाही. मले त्या सकाळचं लिहायचं आहे. पण तिथं एकदम पोचता येत नाही, म्हणून सुरुवातीपासून येतो. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचा हात आहे, तू समजून घे.

हे सुरू झालं पोळ्यानंतर. आपण चिखलीच्या बाजारात मेथी अन् वांगी देऊन घरी येत होतो. पोते रिकामे झाले होते, घडी करून तू मांडीखाली घेतले होते. आपलं गाव, उंद्री, दोन-तीन किलोमीटर राह्यलं असेल तेव्हा तू मागून म्हणाली, गाडी हालून राह्यली. मी म्हटलं रस्ता खराब आहे. तू म्हणाली, रस्ता तर आताच केला, तुमीच सकाळी म्हणत होते, कसा लोण्यासारखा झाला. मी म्हटलं, मंग वारा असंल. वारा नव्हता. पिंपळाचं पान हालत नव्हतं.

मले राग याचा आला की मले कळायच्या आधी तुले कळलं. हे मी तेव्हा कबूल केलं नसतं. गाडी माझी, हँडल माझ्या हातात, दर पंधरा दिवसांनी मी स्वतः तेल पाहतो, चेन ताणतो, प्लग साफ करतो. गावातले लोक इंजन बिघडलं की मले बोलावतात. अन् मागं एका बाजूनं बसलेली बाई मले सांगते की गाडी हालते.

मग मी कामाले लागलो. टायर नवा टाकला. कोन सेट नवा टाकला, जुना चांगला होता तरी. स्पोक ताणले. बेअरिंग पाहिलं. काही फरक पडेना, अन् मी समोरून मागं सरकेना. समोरचं सगळं संपलं तेव्हा मले दोषी म्हणून तू सापडली. तू सगळ्या बायांसारखी डाव्या बाजूले दोन्ही पाय सोडून बसायची. सगळं वजन एका अंगाले. मी तुले असं समजावून सांगितलं जसं काही तू चाळीस वर्षं चुकीचं बसत होती अन् गाडीनं आजवर तुले माफ केलं.

मग तो दगड. तुले आठवण करून द्यायची गरज नाही, तू तो शेवटपर्यंत विसरली नाही. बांधावरचा एक चांगला गोटा मी पिशवीत घातला अन् उजव्या बाजूले सीटच्या दांडीले बांधला, म्हणजे तुझ्या वजनाले तोल येईल. तू पाहून कमरेवर हात ठेवले.

"मले तोलून राह्यले का?"

"गाडीले तोलून राह्यलो."

"मंग एक पलडा मी अन् एक गोटा. अन् भाव कोन करनार?"

चिखलीच्या बाजारात ज्यानं त्यानं विचारलं, काका, उजवीकडं काय बांधलं? तूच सांगायची. माझी सवत हाय म्हणायची, तिकडच्या अंगानं बसते. माणसं हसून हसून लाल व्हायची, मी मेथीच्या जुड्या मोजत बसायचो. पंधरा दिवस तो गोटा आपल्यासोबत बाजार करत होता. गाडी तशीच हालत होती, उलट दगडानं अजून हालत होती. शेवटी तूच पिशवी सोडून गोटा बांधावर ठेवून दिला. अजून तिथंच आहे. मी रोज त्याच्याजवळून जातो.

पण मी तेवढ्यावर थांबलो नाही. मी तुले म्हटलं, माणसासारखी दोन्हीकडं पाय टाकून बस, एकदाच, म्हणजे समजेल. दुसरी कोणी असती तर भांडली असती. तू दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता, गावात कोणी उठलं नव्हतं, तू लुगड्यावर माझा जुना शर्ट घालून आली अन् म्हणाली चला. शेताच्या वाटेवर तू पहिल्यांदा माझ्यामागं माणसासारखी बसली. लुगडं गुडघ्यापर्यंत आलं होतं, ते तू दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं, म्हणून तुले गाडी धरता येत नव्हती. तू डोकं माझ्या पाठीले टेकवलं होतं, कोणी पाहिलं तर तोंड दिसू नये म्हणून.

अन् समोरून कमल आली, डोक्यावर घागर घेऊन. शेजारीण आपली. तिनं पाहिलं, थांबली, अन् तोंड कुंपणाकडं करून उभी राह्यली, आपण जाईपर्यंत. तिची ती समज मी विसरत नाही. तिनं गावात एक अक्षर काढलं नाही.

गाडी त्याही दिवशी हालली. मी काय म्हटलं माहीत आहे ना? म्हटलं, तू आंग आखडून बसली म्हणून. तू उतरली, शर्ट काढून माझ्या हातात दिला अन् म्हणाली, "झालं समाधान?" बस एवढंच. मले आज वाटते तू तेव्हा शिव्या द्यायला पाहिजे होत्या.

त्यानंतर आपण एकदाच लांब गेलो, मलकापूरले रेखाकडं. बुलढाण्याहून पुढं राजूरचा घाट उतरतानी मी ब्रेकवरून पाय काढला अन् हँडलनं अशी थरथर धरली की दोन्ही कोपरं हालायले लागली. तू कधी माझ्या खांद्याले हात लावत नव्हती, कॅरिअरची दांडी धरायची. त्या दिवशी तुझा हात माझ्या खांद्यावर आला. दाबला नाही, नुसता ठेवला, जसा म्हशीवर ठेवतो ती बुजू नये म्हणून. मी गाडी सावकाश आणली. घाट संपल्यावर हातपंप होता तिथं तू उतरली, पाणी पिली, तोंडावर मारलं. मग पंपाच्या कट्ट्यावर बसून मले शांतपणे सांगितलं. ते वाक्य मी वहीच्या वर लिहिलं आहे.

"हे पाहा. हालणं आधी माझ्या पायाले येते, मंग तुमच्या हाताले जाते."

तुझे पाय ज्या लोखंडी पट्टीवर असायचे, साडीच्या जाळीखालच्या, त्या पट्टीबद्दल तू बोलत होती. मी म्हटलं, "तुले काय कळते मशीनमधलं."

"मशीन नाही कळत. माझा पाय तं मले कळते."

तू म्हणाली, मोताळ्याहून पुढं मी एसटीनं येतो. मी म्हटलं जा. मोताळ्याले तू बसमध्ये चढली. मी पुढं निघून जाऊ शकलो असतो. नाही गेलो. मलकापूरपर्यंत बसच्या मागं मागं आलो, धूर खात. तू मागच्या काचेतून दोन वेळा पाहिलं. मी दोन्ही वेळा दुसरीकडं पाहिलं.

अन् रेखाच्या दारात, तिच्या सासूसमोर, मी तुले म्हटलं, "पाह्यलं? तू नव्हती तं गाडी हालली नाही." सगळे हसले. तू म्हणाली बरं.

ते खोटं होतं असं मी म्हणत नाही. गाडी खरंच हालली नव्हती. पण बसच्या मागं ती तीस-पस्तीसच्या वर गेलीच कुठं? तेवढ्यावर ती कधीच हालत नव्हती, तू बसली असली तरी नाही अन् नसली तरी नाही. हे मले रस्त्यातच समजलं होतं. ज्याले गाडीतलं थोडंही कळते त्याले समजेल. तरी मी रेखाच्या सासूसमोर तुले हरवलं, अन् तुझ्याजवळ उत्तर होतं अन् तू दिलं नाही, कारण जावयाचं घर होतं.

तुले ऐकू यायचं, दिसायचं, पायाले कळायचं. विहिरीवरची मोटार जळायच्या दोन दिवस आधी तू म्हणाली होती, पाणी बारीक येऊन राह्यलं. मी म्हटलं उन्हाळा आहे. वांग्याच्या झाडाचं एक पान उलटं करून पाहायची अन् सांगायची, उद्या फवारा. मी परवा फवारायचो. आयुष्यभर तू मले एक दिवस आधी सांगत आली अन् मी एक दिवस उशिरा करत आलो, अन् त्यातूनही आपलं चाललं, ते तुझ्यामुळं चाललं. हे मी तुझ्या तोंडावर एकदाही म्हटलं नाही. लग्न होऊन आली तेव्हा सायकलच्या दांडीवर बसवून मी तुले शेतात न्यायचो अन् चिखलात सायकल फसली की तू उतरून मागून लोटायची, नवी नवरी. तेव्हाही तू म्हणायची, हवा कमी हाय. अन् हवा कमीच असायची.

आता त्या दिवसाचं. सगळ्यांले जेवढं माहीत आहे तेवढं आधी लिहितो.

सकाळी मी गाडी घेऊन गेलो. नऊच्या सुमाराले तू कमलच्या दारात गेली अन् म्हणाली, छातीत जड जड वाटून राह्यलं, हे आले म्हणजे गाडीवर चिखलीले दाखवून येतो. कमल म्हणाली, आमच्या घरच्याईले ऑटो आणायले सांगतो. तू म्हणाली नको, हे येतीलच. मग तू रस्त्यापर्यंत जाऊन पाहून आली. पुन्हा बसली. पुन्हा गेली. कमल म्हणते, त्या माणसाचा भरवसा काय धरता, तर तू म्हणाली, गाडी नाही हालली तं लवकर येतील, हालली तं वेळ लागंल. म्हणजे तुले माहीत होतं मी कशासाठी गेलो. तू फोनही लावला. रेखानं शिकवलं होतं तसं एकचं बटण दाबून धरलं की मले लागते. दोनदा लावला. मी उचलला नाही. मग कमलनं ऐकलं नाही, ऑटो बोलावला. मी खामगावच्या अंगाले होतो, ऑटो चिखलीच्या अंगाले गेला. मी घरी आलो तर दाराले कडी अन् अंगणात परातीखाली टरफलं. मी तसाच चिखलीले निघालो. त्या रस्त्यानं गाडी हालली का नाही, मले काही म्हणता आठवत नाही.

तू वाटेतच गेली होती. मी डॉक्टरले विचारलं, तासभर आधी आणलं असतं तर? त्यानं कागदावरून नजर वर केली नाही. म्हणाला, काका, आता ते कशाला विचारता.

फोन काऊन उचलला नाही, असं रेखानं विचारलं. मी म्हटलं, रस्त्यावर ट्रकचा आवाज होता, ऐकू नाही आला. ती म्हणाली, जाऊ द्या बाबा. सगळ्यांनी तेच धरलं. कमलही म्हणते, बिचाऱ्याले ऐकू नाही आलं.

दहाव्याले कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून आम्ही मागं सरलो नाही तोच आला. म्हातारी माणसं म्हणाली, भाग्याची बाई, काही इच्छा राह्यली नव्हती. कावळा आला नसता तर मले सगळ्यांसमोर हात जोडून काही बोलावं लागलं असतं, अन् मग कदाचित मी खरं बोललो असतो. तू तेवढीही अडचण मले दिली नाही.

तेरवी झाल्यावर मी गाडी चिखलीले युनूस मिस्तरीकडं नेली. तो तुले वैनी म्हणायचा, गोट्याची गोष्ट त्याले माहीत होती. त्यानं समोर हात लावला नाही. आधी मागचं चाक धरलं अन् आडवं हालवलं. टक. पुन्हा हालवलं. टक.

म्हणाला, "काका, चिमट्याचे बुश खलास. समोर काय करत होते चार महिने?"

मागचं चाक ज्या लोखंडी चिमट्यात बसते, त्याच्या मुळाशी दोन बुश असतात, अंगठ्याएवढे. ते झिजले की मागचं चाक आपल्या मनानं चालते अन् समोरचं हँडल त्याचा मार खाते. तुझी पायाची पट्टी त्या चिमट्याच्या मुळापासून वीतभरावर. म्हणून आधी तुझ्या पायाले, मग माझ्या हाताले. चार महिन्यांत कोणाच्या हातून जे निघालं नाही ते तू घाटाखाली एका वाक्यात सांगितलं होतं.

मी युनूसले म्हटलं, "हो का."

त्यानं नवे टाकले. जुने मी मागून घेतले, खिशात घालून आणले. गाडी आता सत्तरवरही हालत नाही. सुतासारखी सरळ जाते. मले ते सहन होत नाही. मधात मधात मी मुद्दाम हात सैल सोडून पाहतो. मागं कोणी नाही, समोर काही थरथरत नाही. मी गाडी बाजूले घेऊन उभा राहतो, लोक विचारतात काय झालं काका, पेट्रोल संपलं का. मी हो म्हणतो.

आता ती सकाळ. रेखा, तू हे वाचशील. वाच. मी तुझ्याशी खोटं बोललो.

त्या सकाळी मी भाजी घेतली नाही. बसच्या मागं सावकाश आणली ती सोडली तर चार महिन्यांत गाडी कधी रिकामी चाललीच नव्हती. मागं एक तर पोते, नाही तर रेखाची माय. मी ठरवलं, रिकामी चालवून पाहतो, पन्नासच्या पुढं नेतो, हालली नाही की घरी येऊन सांगतो, पाह्य. तेवढ्यासाठी गेलो. जातानी, रेखाची माय, तू चुलीपाशी होती. पाठमोरी. तू विचारलं चहा? मी म्हटलं नाही. एवढंच आपलं शेवटचं बोलणं.

खामगाव रोडले लागलो, रस्ता मोकळा होता. चाळीस. पन्नास. हात सैल सोडले. हालली. जशी तू बसल्यावर हालायची तशी, जराही कमी नाही. मी परत वळलो, पुन्हा पन्नास केली. पुन्हा हालली. मग फाट्यावर चहाच्या हॉटेलासमोर गाडी मोठ्या स्टँडवर लावली, मागं जाऊन खाली बसलो अन् मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं लोटलं.

टक.

म्हणजे युनूसनं सांगायच्या आधी मले माहीत होतं. तू जिवंत होती तेव्हा मले माहीत होतं. तिथून घर दहा मिनिटं. मी घरी यायले पाहिजे होतं अन् एक वाक्य बोलायले पाहिजे होतं, तुझं खरं निघालं. मले ते वाक्य घेऊन घरी येववेना. मी हॉटेलात बसलो. चहा सांगितला. बसून इचार करत होतो की हे कसं सांगावं म्हणजे ते माझं वाटंल. म्हणावं, मीच शोधलं. म्हणावं, काल सांजेलेच मले शंका आली होती, तू बोलली म्हणून मुद्दाम बोललो नाही. म्हणावं, तुले काय, तू तर नुसतं मागचं पाहा म्हणाली, चिमटा कुठं म्हणाली. असं एकेक बसवून पाहत होतो. चहा थंड झाला, साय आली.

तेव्हा वरच्या खिशात फोन वाजला. ट्रक नव्हता. काहीच आवाज नव्हता, हॉटेलवाला कांदा चिरत होता तो ऐकू येत होता. मी फोन बाहेर काढला, आपल्या घरचा नंबर पाहिला अन् मले वाटलं तू विचारणार, काय निघालं? अन् माझं वाक्य अजून बसलं नव्हतं.

वाजून बंद झाला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला. मी तो खिशात टाकला, वरून हात दाबून धरला, छातीवर थरथरत होता तो थांबेपर्यंत, अन् हॉटेलवाल्याले दुसरा चहा सांगितला.